प्रोजेक्शन लख्ख, थ्री-डी चित्र मात्र पुसट: नॅनो-टोमोग्राफीतल्या नेहमीच्या दुखण्याचा माग

नॅनो-टोमोग्राफीत सॅम्पल क्ष-किरणांत फिरवत दर कोनाला एक सावली-चित्र, म्हणजे प्रोजेक्शन, घेतात आणि त्या सगळ्यांतून गणिताने थ्री-डी चित्र रचतात, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन करतात. दुखण्याचं लक्षण हे काम करणाऱ्या बहुतेकांना ओळखीचं असेल. शून्य अंशावर घेतलेलं प्रोजेक्शन उघडलं की कणाची कड धारदार दिसते आणि आतल्या बारीक भेगाही मोजता येतात. स्कॅन रात्रभर नीट चालतो, एकही फाइल गळत नाही. सकाळी रिकन्स्ट्रक्शन करून मधली स्लाइस उघडावी, तर कडा दुहेरी, गोल छिद्रांच्या चंद्रकोरी झालेल्या आणि भेगा गायब. मग सॉफ्टवेअरशी झटापट सुरू होते. फिल्टर बदलून बघायचा, पुनरावृत्ती वाढवायच्या, शेवटी डीनॉइझिंग, म्हणजे दाणेदारपणा काढणारी प्रक्रिया, लावून चित्र गुळगुळीत करायचं. चित्र बघायला बरं होतं, भेगा काही परत येत नाहीत.

माझं म्हणणं असं, की रिकन्स्ट्रक्शनच्या बटनांना हात लावण्याआधी पुसटपणा साखळीत नेमका कुठे शिरला ते शोधा. तो प्रकाशिकीत असेल, हालचालीत असेल, सॅम्पलमध्येच असेल, डिटेक्टरमध्ये असेल किंवा गणितात असेल. यातली हालचाल हीच बहुतेक वेळा खरी गुन्हेगार असते. एकेकटं प्रोजेक्शन लख्ख असूनही थ्री-डी बिघडतं ते त्यामुळेच. एका एक्स्पोजरच्या वेळात सॅम्पल फारसं सरकत नाही, पण पहिल्या आणि शेवटच्या प्रोजेक्शनमध्ये तासच्या तास जातात आणि तेवढ्यात शंभर-दोनशे नॅनोमीटर सरकायला काहीही पुरतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरतो. लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमधला एनएमसीचा, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा, साधारण १५ मायक्रॉन व्यासाचा कण, सुईच्या टोकावर चिकटवलेला. उपकरण म्हणजे फ्रेनेल झोन प्लेट (बारीक होत जाणाऱ्या कड्यांचं, क्ष-किरणांसाठीचं भिंग) लावलेला ट्रान्समिशन एक्स-रे मायक्रोस्कोप. ऊर्जा निकेलच्या के-एजच्या (जिथे निकेल क्ष-किरण अचानक जास्त शोषू लागतं त्या ऊर्जेच्या) आसपास, ८.३३३ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे तरंगलांबी ०.१४९ नॅनोमीटर. पिक्सेल २० नॅनोमीटरचा. वारंवार चार्ज-डिस्चार्ज केल्यावर कणाच्या आत पडणाऱ्या भेगा बघायच्या आहेत.

आधी प्रोजेक्शन खरोखर चांगलं आहे का?

सीमेन्स स्टारवर, म्हणजे केंद्राकडे बारीक होत जाणाऱ्या रेषांच्या चाचणी-नमुन्यावर, ३० नॅनोमीटरच्या रेषा सुट्या दिसल्या म्हणजे मायक्रोस्कोप ठीक, असं धरून लोक पुढे जातात. पण सीमेन्स स्टार सपाट असतो आणि तुमचा कण १५ मायक्रॉन जाड आहे. इथे फोकसची खोली, म्हणजे किती जाडी एकाच वेळी धारदार दिसते ती, मोजावी लागते. झोन प्लेटच्या सर्वांत बाहेरच्या कड्याच्या रुंदीचा वर्ग करा, त्याला दोनने गुणा, तरंगलांबीने भागा. येईल तेवढी खोली फोकसच्या पुढे आणि तेवढीच मागे मिळते. ३० नॅनोमीटरच्या प्लेटला आपल्या ऊर्जेवर ती पुढे-मागे १२ मायक्रॉन, म्हणजे एकूण २४ मायक्रॉन येते. आपला कण त्यात आरामात बसतो. आता कोणी उत्साहाने २० नॅनोमीटरची 'भारी' प्लेट लावली, तर खोली पुढे-मागे साडेपाच मायक्रॉनच्याही जरा आत, एकूण ११ मायक्रॉनच्या घरात येते. १५ मायक्रॉनचा कण त्यात मावत नाही. त्याचा पुढचा किंवा मागचा भाग सतत फोकसच्या बाहेर राहतो आणि रिकन्स्ट्रक्शन प्रत्येक प्रोजेक्शनला 'सगळं फोकसमध्ये आहे' असं धरूनच चालतं. जास्त बारीक प्लेटने थ्री-डी चित्र आणखी बिघडतं ते यामुळे. मोठ्या कणासाठी मी ३० ची प्लेट वापरतो आणि बारीक प्लेट पाच-सात मायक्रॉनच्या सॅम्पलसाठी राखून ठेवतो.

याच हिशोबातून दुसरा मुद्दा निघतो. कण फिरण्याच्या अक्षावर हवा. तो अक्षापासून २० मायक्रॉन बाजूला असेल, तर कुठल्या तरी कोनाला तो फोकसच्या प्रतलापासून २० मायक्रॉन पुढे किंवा मागे जाणारच. म्हणून फोकस फक्त शून्य अंशावर न बघता ९० अंशावरही बघा. दोन्हीकडे एकाच जागी एकच कड सारखी धारदार दिसली पाहिजे. एका ठिकाणी धार गेली, तर आधी कण अक्षावर आणा, फोकसला नंतर हात लावा.

ऊर्जा बदलत स्कॅन करणाऱ्यांनी, म्हणजे निकेलची रासायनिक अवस्था बघण्यासाठी एकाच कणाचे अनेक ऊर्जांवर टोमोग्राम (थ्री-डी चित्रं) घेणाऱ्यांनी, आणखी एक गोष्ट तपासावी. झोन प्लेटचं नाभीय अंतर ऊर्जेच्या प्रमाणात वाढतं. १५० मायक्रॉन व्यासाच्या, ३० नॅनोमीटरच्या प्लेटचं नाभीय अंतर आपल्या ऊर्जेवर सुमारे ३० मिलिमीटर. ऊर्जा १०० इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढवली की ते साधारण ०.३६ मिलिमीटरने वाढतं. फोकसची खोली मायक्रॉनमध्ये असताना ही चूक प्रचंड आहे. प्लेट दर ऊर्जेला हलवावीच लागते आणि ती हलली की चित्र किती पट मोठं होतं तेही बदलतं. तेव्हा प्रत्येक ऊर्जेचा पिक्सेल आकार वेगळा मोजून चित्रं एका मापावर आणा, मगच एकावर एक ठेवा. मोनोक्रोमेटर, म्हणजे झोतातून एकच ऊर्जा निवडून देणारा स्फटिक, सिलिकॉन-१११ चा असेल तर ऊर्जेच्या पसाऱ्याची काळजी नको. या प्लेटवर १,२५० झोन आहेत, म्हणजे पसारा साधारण ०.०८ टक्क्याच्या आत हवा, आणि हा मोनोक्रोमेटर ०.०१४ टक्क्यांच्या आसपास देतो. त्याऐवजी मल्टिलेयर मोनोक्रोमेटरचा ऊर्जेचा रुंद पट्टा वापरत असाल, तर पुसटपणाचं कारण इथेच सापडण्याची दाट शक्यता आहे.

हालचाल: इथे वेळ घालवा

पहिली तपासणी इतकी स्वस्त आहे की ती न करण्याला कारण नाही. स्कॅन संपला की स्टेज परत शून्य अंशावर न्या आणि पुन्हा एक प्रोजेक्शन घ्या. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्हींची वजाबाकी करा. चित्र सपाट करडं आलं तर छान. कडांना एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी किनार आली, तर काहीतरी सरकलं आहे, आणि किती सरकलं ते क्रॉस-कोरिलेशनने, म्हणजे एक चित्र दुसऱ्यावर सरकवून सर्वांत जास्त कुठे जुळतं ते शोधून, लगेच कळतं. एका मुद्द्याकडे नीट बघा: कण आणि सुई दोन्ही सारखेच सरकले आहेत, की सुई जागेवर आहे आणि कणच हलला आहे? दोन्ही सारखे सरकले असतील तर दोष स्टेजचा, झोन प्लेटच्या आधाराचा किंवा तापमानाचा. कण एकटाच हलला असेल तर दोष डिंकाचा. यापुढचं सगळं काम या एका निरीक्षणावर ठरतं.

मग शून्य आणि १८० अंशांची प्रोजेक्शनं घ्या, त्यातलं एक आडवं उलटवा आणि एकावर एक ठेवा. दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा असायला हवीत. आडवं अंतर राहिलं तर त्यातून फिरण्याचं केंद्र मिळतं. उभं अंतर राहिलं तर वेळेनुसार किंवा कोनानुसार वर-खाली सरकलं आहे. वरच्या बाजूला अंतर एक आणि खालच्या बाजूला दुसरं, असं असेल तर अक्ष डिटेक्टरच्या उभ्या ओळींशी तिरका आहे. ०.१ अंशाचा तिरकेपणाही १,००० ओळींवर पावणेदोन पिक्सेल होतो. मधल्या स्लाइसवर केंद्र काढून सगळ्या स्लाइसना तेच लावलं, की मधला भाग छान आणि टोकं पुसट, हे अशा वेळी हमखास दिसतं. यावर इलाज सोपा: प्रोजेक्शनं तेवढ्या अंशाने फिरवून घ्या.

चंद्रकोरींकडेही असंच बघावं. १८० अंशांच्या स्कॅनमध्ये सगळ्या चंद्रकोरी एकाच दिशेला तोंड करून असतील, तर केंद्र चुकलं आहे. दोन मिनिटांचं काम. त्यांना वेड्यावाकड्या शेपट्या असतील आणि केंद्र कितीही बदललं तरी एकीकडे सुधारून दुसरीकडे बिघडत असेल, तर प्रोजेक्शनं आपापसातच जागा सोडून आहेत.

आता तापमान. हा आकडा एकदा स्वतः मांडून बघा. झोन प्लेट आणि सॅम्पल यांच्यामध्ये आधारांची जी साखळी असते, तिच्यात १० सेंटिमीटर अॅल्युमिनियम आहे असं धरा. अॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दशलक्षात २३ भाग वाढतं. खोलीचं तापमान फक्त ०.१ अंश सेल्सिअसने बदललं, तरी तो भाग २३० नॅनोमीटर वाढतो. आपल्या पिक्सेलच्या मापात हे साडेअकरा पिक्सेल झाले. तोच भाग पोलादाचा असेल तर सुमारे १२० नॅनोमीटर, आणि इन्व्हारचा असेल तर १२ च्या आसपास. एसीचा झोत थेट उपकरणावर येत असेल, कोणी सॅम्पल बदलायला हच (उपकरणाची बंदिस्त खोली) उघडला असेल, किंवा स्टेपर मोटर थांबलेली असतानाही करंट घेऊन गरम राहत असेल, तर ०.१ अंश सहज होतात. इलाज सगळ्यांना माहीत आहे, फक्त घाईत वगळला जातो. हच बंद केल्यावर थांबा. लगेच स्कॅन सुरू न करता दर दोन मिनिटांनी एकाच कोनाला एक प्रोजेक्शन घेत राहा आणि सरकण्याचा आलेख काढा. रेषा आडवी झाली की सुरू करा. बीमटाइमचा, म्हणजे सिन्क्रोट्रॉनवर (क्ष-किरणांचा प्रखर झोत देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) वाट्याला आलेल्या वेळेचा, तासभर यात जातो हे खरं. पण तो वाचवून केलेला दहा तासांचा स्कॅन बहुधा पुन्हा करावा लागतो. जिथे शक्य असेल तिथे मोटरचा थांबलेल्या स्थितीतला करंट कमी करा.

स्टेजच्या स्वतःच्या डगमगीचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. प्रत्येक फेरीत त्याच कोनाला तेवढीच होणारी डगमग एकदा सोन्याच्या बारीक मण्याने मोजून ठेवता येते आणि दर स्कॅनमधून वजा करता येते. दर फेरीला वेगळी होणारी डगमग अशी मोजून ठेवता येत नाही. ती त्याच स्कॅनमध्ये, त्याच क्षणी मोजावी लागते. म्हणूनच चांगल्या उपकरणांत सॅम्पलच्या धारकावर कपॅसिटिव्ह सेन्सर किंवा लेझर इंटरफेरोमीटर बसवलेले असतात.

प्रोजेक्शन कोणत्या क्रमाने घ्यायची, हे बहुतेकांच्या हातात असतं आणि फार थोडे त्याचा उपयोग करतात. शून्यापासून १८० पर्यंत सरळ चढत गेलात, तर वेळ आणि कोन एकमेकांत गुंतून जातात. सॅम्पल सरकलं की आकारच तसा होता, हे नंतर सांगता येत नाही. त्याऐवजी फेऱ्या करा. १,२०० प्रोजेक्शन हवी असतील तर प्रत्येकी २०० च्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीचे कोन आधीच्या फेरीच्या मधल्या फटीत. प्रत्येक फेरीचं स्वतंत्र, कच्चं रिकन्स्ट्रक्शन करता येतं. पहिल्या आणि सहाव्या फेरीतला कण शेजारी ठेवला की काय बदललं ते डोळ्यांना दिसतं. दर फेरीच्या सुरुवातीला स्टेज मागे आणावी लागते, थोडा वेळ जातो. माझ्या मते या विषयात एवढ्या थोड्या खर्चात एवढी माहिती देणारी दुसरी युक्ती नाही.

सुई आणि डिंक

उपकरणावर दोष जातो आणि मूळ दोष सुईच्या टोकावर असतो, असं इतक्यांदा घडतं की यावर सविस्तर लिहायलाच हवं.

इपॉक्सी घट्ट झाल्यासारखी वाटली तरी आतून पुढे कितीतरी तास जमत आणि आकसत असते. पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सीचा भरवसा त्याच दिवशी धरू नये. शिवाय क्ष-किरण लागले की पॉलिमर बिघडतो, कधी फुगतो, कधी आकसतो, कधी आत बुडबुडे येतात. डिंक जितका जास्त, तितकी हालचाल जास्त. कण डिंकाच्या थेंबात बुडालेला असेल, तर तो थेंब हलेल तसा कण हलणार.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काम असं करावं. टंगस्टनची सुई शक्य तितकी आखूड कापा; लांब, बारीक सुई थरथरते. टोक इपॉक्सीत अगदी जरासं बुडवा आणि लगेच स्वच्छ काचेवर टेकवून जास्तीचा डिंक काढून टाका. सुईवर नुसती ओल राहायला हवी, थेंब दिसता कामा नये. मग काचेवर विखुरलेल्या पावडरमधला एकटा पडलेला कण निवडा आणि टोक वरून हलकेच टेकवा. कण उचलला गेला की सुई फिरवून चारी बाजूंनी बघा. कणाचा खालचा थोडाच भाग डिंकात असावा, वरचा सगळा मोकळा. दोन-तीन कण एकाला एक चिकटून आले असतील, तर ती सुई बाजूला ठेवा. स्थिर विजेमुळे कण उडत असतील, तर धारक जमिनीला जोडा. सुया तयार झाल्या की निदान रात्रभर तशाच राहू द्या. फोकस्ड आयन बीम (आयनांच्या बारीक झोताने कापणारं-जोडणारं उपकरण) उपलब्ध असेल, तर कण प्लॅटिनमने सुईला जोडणं सगळ्यात भक्कम. त्यात डिंकच नसतो.

भारतातून परदेशी सिन्क्रोट्रॉनवर जाणाऱ्यांसाठी हा भाग खास महत्त्वाचा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ च्या इमेजिंग बीमलाइनवर मायक्रॉन पातळीची टोमोग्राफी होते. त्याखाली उतरायचं तर हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ किंवा ग्रेनोबलच्या ईएसआरएफसारख्या ठिकाणी बीमटाइम मागावा लागतो आणि तो मोजकाच मिळतो. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतून निघतानाच सुया तयार, सुकलेल्या आणि मायक्रोस्कोपखाली तपासलेल्या असाव्यात, गरजेपेक्षा दुप्पट. तिथे पोचून चिकटवायला बसलात, तर ओला डिंक घेऊनच स्कॅन सुरू होतो. आणि इंडस-२ वर किंवा प्रयोगशाळेतल्या मायक्रो-सीटीवर तीच सुई आधी फिरवून बघता आली, तर बघाच. मायक्रॉनमध्ये हलणारी सुई नॅनोमीटरमध्ये उभी राहणार नाही.

स्कॅनच्या आधी कणावर थोडा वेळ बीम पडू द्यावा, असंही मी सुचवेन. डिंकातली सुरुवातीची मोठी हालचाल त्यात उरकून जाते. एनएमसीसारख्या ऑक्साइडला हे चालतं. पॉलिमर, जैविक नमुना किंवा इलेक्ट्रोलाइटने भिजलेलं सॅम्पल असेल, तर मुळीच करू नका. तिथे प्रत्येक फोटॉन जपून खर्चायचा असतो, आणि सॅम्पल अतिशय थंड ठेवून, म्हणजे क्रायोत, काम करणं हाच रस्ता.

सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी

हालचाल मोजली, कमी केली, तरी थोडी उरतेच. ती जुळवून घ्यायची, पण क्रमाने.

आधी उभी दिशा. प्रोजेक्शनचा लॉगरिथम घेतल्यावर प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज करा. सॅम्पल पूर्ण चौकटीत असेल, तर एका ओळीतलं एकूण वस्तुमान कोणत्याही कोनातून तेवढंच दिसायला हवं. म्हणजे वरून खाली जाणारा हा आलेख सगळ्या प्रोजेक्शनमध्ये सारखा असला पाहिजे. तो वर-खाली सरकलेला दिसतो तेवढंच प्रोजेक्शन सरकलं आहे. यात केंद्र माहीत असण्याची गरज नसते, म्हणून हे पहिलं.

मग आडवी दिशा. वस्तुमानाचा मध्य कोनानुसार साइन वक्रावर फिरतो. तो वक्र बसवा आणि त्यापासूनचं अंतर दुरुस्त करा. सुई किंवा शेजारचा कण चौकटीतून आत-बाहेर करत असेल, तर हा हिशोब फसतो. अशा वेळी सुईच्या वरच्याच ओळी घ्या.

शेजारशेजारच्या प्रोजेक्शनचं क्रॉस-कोरिलेशन करून साखळीने जुळवणं मात्र टाळा. प्रत्येक पावलाची छोटी चूक पुढच्यात मिसळत जाते. वर, कणातली ठळक गोष्ट फिरताना आपसूक डावी-उजवीकडे जात असते, आणि ही पद्धत तेही 'सरकणं' समजून सरळ करायला बघते. सायनोग्राम, म्हणजे सगळ्या कोनांतली एकच आडवी ओळ एकाखाली एक रचलेलं चित्र, उघडून एका ठळक ठिपक्याचा माग डोळ्यांनी काढा. तो गुळगुळीत लाटेसारखा जायला हवा. मध्येच पायरी दिसली, तर तिथे एका क्षणी काहीतरी निसटलं. लाट सपाट होत चालली, तर जुळवणीनेच घोळ घातला आहे.

शेवटचं पाऊल म्हणजे रिकन्स्ट्रक्शनवर आधारलेली जुळवणी. कच्चं थ्री-डी चित्र बनवा, त्यातून पुन्हा प्रोजेक्शनं काढा, खऱ्या प्रोजेक्शनशी ताडून सरकवा, पुन्हा चित्र बनवा. अमेरिकेच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या टोमोपाय या सॉफ्टवेअरमध्ये हे तयार मिळतं. सुरुवात चार-चार पिक्सेल एकत्र करून करा, मग दोन-दोन, मग पूर्ण. एकदम पूर्ण रिझोल्यूशनवर सुरू केलं, तर हिशोब चुकीच्या जागी अडकतो. आणि दर फेरीला प्रोजेक्शन थोडं थोडं सरकवून साठवू नका. पिक्सेलच्या अंशाने सरकवताना दर वेळी चित्र जरा पुसट होतं, वीस फेऱ्यांत चांगलंच. एकूण सरकवणी आकड्यात जमा करत राहा आणि शेवटी मूळ प्रोजेक्शनवर एकदाच लावा. चांगल्या जुळवणीनंतरही अर्धवट पुसट राहिलेल्या कितीतरी चित्रांमागे एवढंच कारण असतं.

वर्तुळं, आभा आणि आवाज (नॉइझ)

एकात एक वर्तुळं दिसत असतील, तर डिटेक्टरचे किंवा सिंटिलेटरचे (क्ष-किरणांचा दृश्य प्रकाश करणाऱ्या पडद्याचे) दोष फ्लॅट-फील्डने, म्हणजे सॅम्पल बाजूला करून घेतलेल्या चित्राने, नीट भागले गेलेले नाहीत. फ्लॅट सुरुवातीला आणि शेवटीच न घेता मध्ये मध्येही घ्या. सॅम्पलवर झोत एकवटणाऱ्या कॅपिलरी कंडेन्सरचा प्रकाश वेळेनुसार बदलतो. सायनोग्रामवरचे वर्तुळ काढणारे फिल्टर चालतात, पण केंद्राजवळ ते खऱ्या गोष्टीही खातात. त्यांची ताकद सगळ्यात कमी ठेवून सुरू करा.

झर्निके फेज कॉन्ट्रास्ट (फेज रिंग लावून, कमी शोषणाऱ्या गोष्टीही उठून दाखवणारी पद्धत) वापरत असाल, तर कडेभोवतीच्या उजळ आभेपासून सावध. एनएमसीच्या कणावर पृष्ठभागाचा वेगळा थर शोधणारा माणूस या आभेलाच थर समजू शकतो. फेज रिंग काढून, फक्त शोषणावर घेतलेल्या स्कॅनमध्ये तो थर टिकला, तरच त्यावर लिहा.

आवाज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, जास्त असेल, तर एक्स्पोजर वाढवावंसं वाटणं साहजिक आहे. पण अर्ध्या आकाराचा तपशील तेवढाच स्पष्ट हवा, तर लागणारा डोस, म्हणजे क्ष-किरणांची मात्रा, साधारण सोळापट होतो, कारण आकार जितका घटतो त्याच्या चौथ्या घाताने तो वाढतो. शिवाय एक्स्पोजर लांबलं की एका प्रोजेक्शनमधली हालचालही वाढते. एकूण डोस ठरलेला असेल, तर तो जास्त प्रोजेक्शनमध्ये वाटा. १५ मायक्रॉनचा कण २० नॅनोमीटरच्या पिक्सेलवर ७५० पिक्सेल रुंद, म्हणजे साधारण १,१८० प्रोजेक्शन लागतात. एकेक प्रोजेक्शन दाणेदार दिसेल, त्याने घाबरू नका. डिटेक्टरचा स्वतःचा आवाज वरचढ होत नाही तोवर थ्री-डी चित्रात हिशोब जुळतो.

हाच धडा सर्वांत पुढच्या कामातही दिसतो. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या गटाने २०१७ साली टायकोग्राफीने (एकमेकांवर येणाऱ्या ठिकाणांचे विवर्तन-नमुने जोडून चित्र काढण्याच्या पद्धतीने) इंटेलच्या प्रोसेसरचं १४.६ नॅनोमीटर रिझोल्यूशनचं थ्री-डी चित्र प्रसिद्ध केलं. २०२४ मध्ये हाच आकडा ४ नॅनोमीटरवर आला. त्यातली मुख्य युक्ती अशी, की एक लांब एक्स्पोजर देण्याऐवजी बरीच छोटी छोटी घ्यायची आणि उपकरणाची अस्थिरता त्यातून वेगळी काढायची. सॅम्पल फोकसच्या खोलीपेक्षा जाड असण्याचा प्रश्नही त्यांनी रिकन्स्ट्रक्शनच्या हिशोबातच घेतला.

सुधारलं की नाही, हे कसं ठरवायचं

डोळ्यांवर विसंबू नका. सम क्रमांकाच्या प्रोजेक्शनचं एक आणि विषम क्रमांकाच्या प्रोजेक्शनचं दुसरं, अशी दोन स्वतंत्र थ्री-डी चित्रं बनवा आणि त्यांचं फूरिए शेल कोरिलेशन, म्हणजे बारकाव्याच्या प्रत्येक पातळीला दोन्ही चित्रं किती जुळतात याचा आलेख, काढा. आलेख हाफ-बिट नावाच्या ठरलेल्या मर्यादेच्या रेषेला जिथे छेदतो, ते तुमचं रिझोल्यूशन. पिक्सेल २० नॅनोमीटरचा आहे म्हणून रिझोल्यूशन २० होत नाही, हे शोधनिबंध लिहितानाही पाळावं. दोन गोष्टींनी हा आकडा खोटा चांगला येतो. वर्तुळं दोन्ही अर्ध्यांत त्याच जागी असतात, म्हणून तीही 'जुळतात'. आणि कणाला घट्ट, धारदार मास्क (कणाबाहेरचा भाग झाकणारी चौकट) लावला, तर मास्कची कडच जुळते. मास्कची कड मऊ ठेवा. जोडीला एका भेगेवरून आडवी तीव्रतेची रेषा काढा आणि कड किती पिक्सेलमध्ये चढते ते बघा. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत.

डीनॉइझिंग लावायचंच असेल, तर हे सगळं झाल्यावर लावा आणि भेगांची रुंदी मूळ चित्रावरच मोजा. शिकवलेलं न्यूरल नेटवर्क पुसट भेग बंद करू शकतं, तशीच नसलेली रेखाटूही शकतं. बॅटरीच्या भेगांवर निष्कर्ष काढणाऱ्याला दोन्ही परवडत नाहीत.

आणि फेऱ्यांची तुलना करताना कणाचा आकारच बदलताना दिसला, म्हणजे भेग रुंदावली किंवा डिंकाकडचा भाग वाकला, तर सरकवण्याच्या जुळवणीने काही होणार नाही. तिथे प्रोजेक्शन सरकवणं थांबवा. कण जिथवर स्थिर होता तेवढ्याच फेऱ्यांची प्रोजेक्शनं घ्या, कोन कमी पडले तर पुनरावृत्तीची पद्धत वापरून चित्र बनवा, आणि मिळेल ते रिझोल्यूशन तसंच नोंदवा. उरलेल्या वेळात तोच कण पुन्हा न घेता दुसऱ्या सुईवरचा नवा कण लावा, एक्स्पोजर आधीपेक्षा कमी ठेवून.